येलदरीचा मे महिन्यातला काठ

८ सप्टेंबर, सोमवार

नकाशा परत आला! सत्यशीला मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "बबिता, हा कुठला तलाव?" म्हटलं, येलदरी धरणाचा. "येलदरी एवढीशी? उपाशी ठेवलीस का तिला?" सगळा वर्ग हसला. शुक्रवारी विभागासमोर नकाशा मांडायचाय. चुकला तर प्रबंधाचा विषयच काढून घेतील.

पण काठ मी स्वतः पायी फिरलेय — मेच्या सुट्टीभर, मोबाइलच्या जीपीएसवर ठिपके घेत. एकही ठिपका अंदाजानं टाकलेला नाही. देवाशपथ!

९ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. घरी वडिलांना, आप्पांना फोन केला. येलदरीचं पाणी कुठवर असतं?

"आपल्या पालाच्या म्होरं."

आणि पावसाळ्यात?

"पावसाळ्यात कोण गेलंय तिकडं? मेंढरं काय पोहायला न्यायची?"

खरंच की! आम्ही सेलूकडचे. पाणी ओसरतं, गाळात पेरलेली पिकं निघतात, मग त्या मोकळ्या रानात आम्ही मेंढरं घेऊन जातो. पावसाआधी परत. अख्ख्या घरानं भरलेला तलाव कधी पाहिलेलाच नाही. पाणी चढतं-उतरतं हे लिहून परीक्षेत मार्क घेतलेत मी — आणि काठ म्हटलं की डोळ्यांपुढं आमचाच!

१० सप्टेंबर

जिंतूरहून एसटीनं गेले. बाई गं, केवढं पाणी! आमची पाल ठोकायची जागा, बाभळी, मेंढरांची वाट — कशाचाच पत्ता नाही. जाळं झटकणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "काय हरवलं गं पोरी?"

काय सांगू — काठ!

११ सप्टेंबर

उपग्रहाच्या चित्रावरून भरल्या पाण्याची रेघ काढतेय. तीनदा पुसली.

१२ सप्टेंबर

सुटले!! दोन रेघा नेल्या. मेची तांबडी, आत्ताची निळी. चूक कशी झाली तेही आधीच सांगून टाकलं. मॅडम मधल्या पट्ट्यावर बोट फिरवत राहिल्या. "इथं उन्हाळ्यात माणसं राहतात? अगं, मग तलाव काय घेऊन बसलीस! हा पट्टाच घे." विषय राहिला! कँटीनमध्ये दोन प्लेट भजी एकटीनं खाल्ली.

१४ सप्टेंबर

गावी आले. आईला वाचता येत नाही, म्हणून नकाशावर धरण दाखवलं, नदी दाखवली, पालाची जागा दाखवली. तिनं पट्ट्यावर, पाण्याच्या बाजूला थोडं सरकून, बोट टेकवलं.

"हितं झालीस तू. वैशाखात. खाली वली माती होती."

माझ्या जन्माच्या दाखल्यावर सेलू आहे. राहू दे.