कमळच्या न्हाणीतल्या फळ्या

कामतघर, भिवंडी
कार्तिक वद्य, सन १९७३

तीर्थस्वरूप महादूदादांच्या पायांशी कामतघरहून केसरीनाथचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे फार वाकलेलो नाही, त्याचे कारण पुढे येईल.) तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि कपिलेचे दूध या तिन्हींची खबर कळवावी. भात झोडून झाले असेल. यंदा पेंढा कुणाला विकू नका, दर वाढणार असे इथे बोलतात. आमच्याकडे सगळी मंडळी सुखरूप आहेत, असे लिहायचे असते म्हणून लिहितो.

पत्र लिहिण्याचे कारण असे, की तुमच्या बहिणीने बाथरूममधल्या फळ्या सजवायला घेतल्या आहेत, आणि त्यामागे तुमचा हात आहे असा मला संशय आहे. 'संशय' हा शब्द कडक वाटला तर तिथे 'शंका' असे वाचावे. माझे म्हणणे तेच राहील.

आमचे बाथरूम तुम्ही पाहिलेले नाही. (कमळ अजून न्हाणीच म्हणते, पण ज्याला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे त्याला बाथरूम म्हणावे असे मला वाटते.) इतकी वर्षे आमच्या घरची बायामाणसे परसात झापांच्या आडोशाला अंघोळ करीत, वारा आला की एक हात अंगावर आणि एक हात झापावर. यंदा पुढची जागा लूमवाल्याला भाड्याने दिली, सिमेंटचे परमिट मिळाले, आणि घर झाल्यावर उरलेल्या सिमेंटात नवशा गवंड्याने न्हाणी बांधली. कडप्प्याचे तुकडे पडले होते, ते त्याने भिंतीत बसवले. मी म्हटले, "फळ्या कशाला रे? साबण ठेवायला एक कोनाडा बास हाय." नवशा म्हणाला, "वैनींनी सांगितलंय." इथेच मी सावध व्हायला पाहिजे होते. गवंड्याला परस्पर हुकूम देणारी बाई पुढे काय करील याचा नेम नसतो.

पहिल्यांदा फळीवर वर्तमानपत्र आले, पुढून कातरून त्याची झालर केलेली. मग वनस्पती तुपाचे रिकामे डबे आले. दाराला लावून उरलेला हिरवा रंग त्यांना फासलेला. मग लूमवाल्याकडचे सुताचे पुठ्ठ्याचे कोन आले. ते उलटे उभे करून त्यांत दातांचे ब्रश खोवलेले. साड्यांच्या काठांच्या चिंध्या लूमवाला फेकून देतो. त्यांची वेणी घालून फळीच्या कडेने तोरण झाले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरात हिमालयात बसलेले शंकर होते. देव काही न्हाणीत लावता येत नाही, म्हणून तिने शंकर अलगद कातरून देवघरात ठेवले आणि बाकीचा हिमालय आणून आरशामागे चिकटवला. आता दाढी करताना मी बर्फात मधोमध उभा असतो, आणि जिथे देव बसले होते तिथे माझे डोके येते. हे मला बरे वाटत नाही.

या सगळ्याला खर्च जवळजवळ काही आला नाही, आणि दादा, मला संशय आला तो यामुळेच. बायको पैसे मागून काही करते तेव्हा निदान आपल्याला कळते तरी. न मागता करायला लागली म्हणजे पाणी कुठे मुरते ते शोधावे लागते. मी सरळ विचारले, "हे कशाला?" ती म्हणाली, "असंच." तुमची बहीण आहे, तुम्हाला ठाऊक असेल. कमळ आयुष्यात काहीही असंच करीत नाही. ती चिंचसुद्धा मोजून टाकते. वर माझा लाल साबण फळीवरून काढून तिने बाहेर खिडकीत ठेवला, कारण काय, तर तो हिरव्या डब्यांना शोभत नाही. ज्या साबणाने माझा बाप धुतला गेला तो माझ्याच घरात शोभेनासा झाला!

मी विचार करू लागलो. कोणी येणार असेल काय? आमच्या गोदूला मागणी आलेली तुम्हाला माहीत आहे. काल्हेरचे रेतीवाले, स्वतःची होडी, मुलगा एकुलता. मी त्यांना शब्द दिला आहे आणि माघात लग्न करायचे म्हणतात. पण व्याही पाय धुवायला जाईल तो अंगणात जाईल, न्हाणीत जाऊन हिमालय कशाला बघेल? मग वाटले, शेजारच्या ठमाबाईशी चढाओढ असेल. पण ठमाबाईची न्हाणी म्हणजे एक दगड आणि एक गोणपाट, त्याच्याशी कसली चढाओढ? तेवढ्यात तुमच्याकडून सुकटीची पिशवी आली, आणि पिशवीच्या तळाशी शिंपले निघाले. धुतलेले, निवडलेले, एका मापाचे! ते दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवर ओळीने लागले. म्हणजे तिकडे तुमच्या खारबावला सगळे कळते आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याला 'असंच'. तुमची इकडे राहायला येण्याची तयारी चालली असावी असे माझ्या मनात आले. ते मनात आले तसेच लिहितो, कारण मला पोटात ठेवता येत नाही.

अशात ठमाबाईने कुंपणावरून आणखी एक काडी टाकली. "केसरीनाथभाऊ, कमळ हल्ली बादली न घेता न्हाणीत जाते, ती का वो?" मी हसण्यावारी नेले, पण त्या दिवसापासून पाळत ठेवली. खरोखरच, भर दुपारी, जेवणाची भांडी झाली की कमळ आत जाई, कडी लावी, आणि बाहेर आली की केस कोरडे, पदर कोरडा. मी मागून जाऊन लादीला हात लावून पाहत असे. तीही कोरडी. पाण्याशिवाय बाथरूममध्ये बाई काय करते, हा प्रश्न मी कोणाला विचारणार? लूम चालू असले म्हणजे कामतघरात माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही, तेव्हा दाराशी कान लावून उपयोग नव्हता.

पण गेल्या बुधवारी दुपारी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि अख्ख्या मोहल्ल्यात अशी शांतता झाली, की मी पानाला चुना लावता लावता थांबलो. आणि त्या शांततेत न्हाणीतून आवाज आला. दादा, पुरुषाचा आवाज! जाड, खरखरीत, अडाणी आवाज. दार ठोठावले तर तो झरोक्यातून पळेल, म्हणून मी मागच्या बाजूला गेलो, रंगाचे रिकामे पिंप पालथे घातले, आणि त्यावर चढून झरोक्याला डोळा लावला.

आत कमळ एकटी होती. पाटावर बसलेली, समोर आरसा, दोन्ही बाजूंना तुमचे शिंपले. डोक्यावर माझा टॉवेल मी गुंडाळतो तसाच गुंडाळलेला. ती जाड आवाजात म्हणत होती, "पोरीला शिकून काय कलेक्टर व्हायचंय?"

मग टॉवेल काढून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "कलेक्टर न्हाय. मॅट्रिक. परीक्षा मार्चात हाय, तवर थांबा येवढंच म्हनते. रेतीवाल्याची रेती कुठं पळून जात न्हाय."

पुन्हा टॉवेल. "मी शब्द दिलाय, कमळ."

टॉवेल खाली. "शब्द तुमचा एकट्याचा व्हता, तो तुम्ही दिला. पोरगी दोघांची हाय."

यावर तिने टॉवेल गुंडाळला आणि आरशाकडे बघत बसली. माझ्या आवाजाला उत्तर सुचेना. मी बाहेर पिंपावर उभा राहून त्याच्यासाठी उत्तर शोधत होतो. मलाही सापडले नाही. मग तिने तो विषय सोडून जवळ्याच्या कालवणातल्या मिठाचे एक जुने भांडण काढले, आणि दादा, तेही मी हरलो. घरात आजवर सगळी भांडणे मी जिंकलेली आहेत, तुम्ही साक्षीला आहात. ती 'बरं' म्हणून आत जाते. ती आत जाऊन उत्तरे कुठे ठेवत होती ते मला त्या दिवशी कळले. आणि गोदूबद्दल बोलताना तिचे डोळे भरलेले होते. तसे डोळे घेऊन ती माझ्यासमोर कधी आलेली नाही. आधी पुसून मग बाहेर येत असावी.

मी तिथून गुपचूप उतरणार होतो, पण मागून ठमाबाई ओरडली, "आगं बाई! सोताच्याच बायकोला झरोक्यातून बघतंय का कोन?" मी वळलो, पिंप माझ्याआधी वळले, आणि मी केळीच्या आळ्यात बसलो. कमळ धावत आली. तिने मला उठवले, पालथे झोपवले, कंबरेला तेल लावले. पिंपावर का चढलो होतो, हे एका शब्दाने विचारले नाही. मीही आत कोण बोलत होते ते विचारले नाही. ती विचारीत नाही हे मला जास्त संशयास्पद वाटते. रात्री गोदूने शेकायला विटेचा तुकडा गरम करून आणला. तिच्या बोटांना शाई होती. इतके दिवस ती बोटे मी पाहिली नव्हती असे नाही, पण शाई कशाची असा विचार केला नव्हता.

असो. बाकी सर्व ठीक. बाथरूम दिसते मात्र छान, पण हे तिला कळवू नये, नाहीतर ती स्वयंपाकघराकडे वळेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
केसरीनाथ

ता. क. : येत्या रविवारी काल्हेरची मंडळी तारीख पक्की करायला येणार आहेत. तुम्ही सकाळीच यावे. त्यांच्यासमोर चारचौघांत सांगावे, की मी गोदूचा मामा आहे आणि मॅट्रिक झाल्याशिवाय भाचीला बोहल्यावर आणून उभी करणार नाही. मामाच अडला म्हटल्यावर कोणाचे काही चालत नाही. मी तुमच्यावर मोठ्याने ओरडेन, कदाचित हात जोडून घराबाहेर जा असेही म्हणेन. ते मनावर घेऊ नये आणि जाऊ तर मुळीच नये. शेवटी तुमच्या वडीलकीला मान देऊन मी गप्प बसेन. म्हणजे माझा शब्दही मोडला नाही आणि पोरीची परीक्षाही झाली. हे मी सांगितले असे कमळला कधीही कळता कामा नये.

ता. क. दुसरा : तुम्ही राहायला येणार असल्याचा संशय तूर्त मागे घेतला आहे. तरी रविवारी येताना मोठी पिशवी आणू नये.

दादास कमळचा नमस्कार. पाकिटाला खळ लावायला ह्यांनी पत्र माझ्याच हातात दिलं. मी चौथीपर्यंत शिकले हे ते इसरतात. तुम्ही या, नक्की या, आणि ते म्हनतात तसंच बोला. मला काय बी म्हाईत न्हाय असं मी दाखवीन. फक्त भांडताना जरा दमानं घ्या. दोन दिवस झाले, हे दुपारचे न्हाणीत जाऊन कडी लावतात आणि तुमच्याशी भांडायची तालीम करतात. काल वीज गेली तवा मी दाराशी उभी राहून ऐकलं. आत बी तुम्हीच जिंकताय.