बत्तीस बायकांची संमती

९ नोव्हेंबर, रविवार

सोनमचा फोन. "काका, आपला पेपर घेतला! शुक्रवारी सांगलीच्या चर्चासत्रात वाचायचा." वर्गातली सगळी पोरं मला काकाच म्हणतात — फौजेतून निवृत्त होऊन अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला बसलेला दुसरा आहे कोण? आनंद व्हायला हवा होता. बरं म्हणालो, फोन ठेवला.

मार्चमध्ये आम्ही दोघांनी गावातल्या बत्तीस बायकांचे आवाज भरले. फोनवरच्या यंत्राला त्यांचं बोलणं कळत नाही, ते त्याला शिकवायचं — एवढंच आमचं संशोधन. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या होत्या, "मशीनला आमचं बोलनं शिकवताय व्हय? मंग शिव्या बी शिकंल की ते!" सगळ्या हसल्या होत्या. मीही.

१० नोव्हेंबर

देवपूजा केली. भात करपला. तसाच खाल्ला.

११ नोव्हेंबर

तासगावहून गुंडाचा फोन. हिचा धाकटा भाऊ. "दाजी, ताई म्हनती, तुमचा पेपर होऊ द्या, मंग या. काय ते बोलू."

जूनपासून ही माहेरीच आहे. भांडण नाही, काही नाही. पिशवी भरताना एवढंच म्हणाली — "तुमी फौजेत होता तवा वाट तरी बघता येत हुती." मी तेव्हा पुस्तकातून मान वर केली होती का? आठवत नाही.

ठरलं. पेपर वाचून परस्पर तासगाव. हिला घेऊनच घरी यायचं. देवापुढे तसं बोललोही.

१४ नोव्हेंबर, सांगली

कराडहून पहिल्या गाडीने आलो. पेपर वाचला. बनुबाईंचा आवाज ऐकवला, सभागृह हसलं. मग पहिल्या रांगेतल्या प्राध्यापक बाई उठल्या. "संमती पुन्हा ऐकवा."

प्रत्येकीने सुरुवातीला म्हणायचं होतं — मी, अमक्याची बायको अमकी, माझा आवाज द्यायला राजी आहे. नवऱ्याच्या नावापाशी बाई थांबते. शेजारी बसलेली ते नाव सांगते. मग ही पुढचं म्हणते. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे असंच चालतं. सोनमला आणि मला त्यात काही वावगं वाटलंच नाही!

"म्हणजे अर्धी संमती दुसरीच बाई देतेय," त्या म्हणाल्या. "जिनं सगळं वाक्य स्वतः म्हटलंय, तेवढेच आवाज ठेवा. बाकीचे पुसा."

त्यांचं चूक नव्हतं. सोनम जिन्यात बसून रडली. मी दोन चहा आणले. तिने घेतला नाही, तोही मीच प्यायलो. आत काहीच हललं नाही. उशीर झाला. तासगाव उद्या.

१५ नोव्हेंबर, सकाळ

गणपतीचं दर्शन घेतलं. हिच्यासाठी पेढे घेतले.

सोनमचा फोन. पहाटेपासून सगळे आवाज परत ऐकत होती. "काका, एकतीस गेले. एकच राहिला." आणि मग — "काकूंचा."

हिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. भरताना तिने मला बाहेर सोप्यात बसवलं होतं, आत सोनम एकटीच. म्हटलं, पाठव.

१५ नोव्हेंबर, सांगली स्टँड

"मी, जोतीराम गणपती सूर्यवंशी यांची बायको हरणा. माझा आवाज द्यायला राजी हाय."

सत्तावीस वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. लग्नात उखाण्यातसुद्धा गिळलं होतं. इथे अडखळली नाही. लाजली नाही. तलाठ्याला कुणा परक्या माणसाचं नाव सांगावं, तसं सांगितलं. आवाज भरल्याची तारीख नऊ मार्च — आणि ती गेली ती जूनमध्ये, असं मी आपला धरून बसलो होतो!

सोनमला कळवलं, तो आवाज ठेव.

तासगावची गाडी लागली होती. मी कराडच्या गाडीत बसलो.