नात्यातल्याने मत द्यायचं नाही

३ मार्च, रविवार
उपासनेनंतर पाळकांनी बाजूला घेतलं. माझ्या मुलीने बाळाच्या बाप्तिस्म्याचं विचारलंय म्हणे. मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने — दोघींनी मिळून! बाळ मैत्रिणीच्या पोटचं, वाढवतायत दोघी, एका घरात, संसार म्हणून. आणि मी मंडळीचा वडील, म्हणजे चर्चमध्ये यावर निर्णय घेणाऱ्या पाच जणांतला एक. मला आधी एका शब्दाने सांगावं की नाही? जेवण गेलं नाही.

५ मार्च, मंगळवार
दुकानात नुसता घोळ. एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. त्या म्हणाल्या, सगळं तिरकं दिसतंय. मनात म्हटलं, मलाही.

संध्याकाळी औषधवाला येऊन बसला. तोही वडील, आणि जुना दोस्त. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात माझ्याशेजारी बसून प्रार्थना करणारा हाच. त्याचं म्हणणं सरळ आहे. बाळावर राग नाही. पण देवाने कुटुंब आई-बाप मिळून केलं, ते सोडलं तर उद्या पोरांना शिकवायचं काय? लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी तरी वेगळं काय शिकवत आलो? अजूनही मला ते चूक वाटत नाही. वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे.

रात्री हिच्याशी वाद घातला. म्हटलं, बाळाला आई-वडील लागतात. इथे वडील कुठे आहेत? ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पाच जणांतल्या नर्सबाईंना मंडळीत वडीलच म्हणता ना? तेव्हा नाही कुणाचं अडलं."
हसू आलं. मग हसलो म्हणून स्वतःचाच राग आला.

७ मार्च, गुरुवार
त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. बाळाला दात येतायत, सारखी किरकिर. आमच्याकडे स्वतःचं ताट न उचलणारी माझी लेक छोटीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. मैत्रीण खुर्चीतच झोपून गेलेली, हातात पाजायची वाटी तशीच. मी बाळाला घेतलं. तिने माझा चष्मा ओढून दांडी वाकवली. दुकानात कुणी असं केलं तर मी खवळतो. इथे नुसता बघत बसलो.

विचारलं, बाप्तिस्म्याचा हट्ट कशाला? लोक नाकं मुरडतील.
लेक म्हणाली, "तुम्हीच सांगायचात ना बाबा, मूल आधी देवाचं, मग आपलं."
 

८ मार्च, शुक्रवार
औषधवाला आणि मास्तर विरुद्ध. नर्सबाई आणि सुतार बाजूने. गाडी माझ्यावर अडलीय. बरोबरी झाली तर नकार, असा आमचा नियम. दुसरा नियम — विषय नात्यातल्या माणसाचा असेल, तर त्या वडिलाने मत न देता बाहेर जायचं. पाळक हळूच म्हणाले, विषय बाळाचा, त्याच्याशी रक्ताचं नातं तर नाहीच, तसं सांगा आणि सभेत बसून मत द्या. औषधवालाही अडवणार नाही. त्याच्या लेखी हे नातंच नाही.

माझं ठरलंय. हो म्हणायचं. मनातले सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, तरी हो. त्या तान्ह्या पोरीला बाप्तिस्म्याच्या पाण्यापासून अडवायला मन धजत नाही.

लेकीला फोन केला. वाटलं, खूश होईल.  तर म्हणाली, "म्हणजे तिला आत घ्यायला आधी 'ही माझी कुणी नाही' म्हणणार तुम्ही?"

९ मार्च, शनिवार
दुकान लवकर बंद केलं. प्रार्थनेला बसलो.

१० मार्च, रविवार
सभा झाली. पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाळ तुमच्या नात्यातलं आहे का?
"नात आहे माझी," म्हटलं, आणि उठून बाहेर आलो.
बाप्तिस्मा नामंजूर.