पंडिताला जायची सोय नाही

प्रिय बंधुराज,

तुझ्या नव्या खेळाच्या नियमांचं पुस्तक, फाशांची पुरचुंडी आणि 'ताई, पंडितावर तुझं परखड मत हवं, त्यावाचून छपाई अडलीय' ही चिठ्ठी, सगळं नीट पोचलं. परखड हवंय ना? मग पंखा लाव आणि बैस. मागे फोनवर मी तुला सांगितलं होतं की हस्तलिखितांच्या संग्रहालयानं मला नोकरीला बोलावलंय, पण गाव दुसरं, मग अप्पांजवळ कोण राहणार? तू 'अरे वा, मस्तच' म्हणालास आणि लगेच म्हणालास, 'पुस्तक एकदा छापून होऊ दे, मग येतोच मी.' तुझं हे 'मग येतोच' मी मागच्या दोन्ही खेळांच्या वेळी ऐकलंय. असो. आधी तुझं काम करते, सवयच आहे.

अप्पा दुपारी झोपले की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळायला बसायचो. समोरची दातांची डॉक्टरीण चोर झाली, तिचा नवरा योद्धा, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील सूत्रधार, म्हणजे गुहा-राक्षस सगळं तेच चालवणार आणि नियमही तेच सांगणार. भूमिका वाटताना तुझा पंडित कोणी घेईना. डॉक्टरीण म्हणाली, 'कोणीतरी घ्यायलाच हवा, त्याच्याशिवाय भागायचं नाही.' आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत पंडिताची सोंगटी माझ्यापुढे आली होती. परीक्षणाचा पहिला मुद्दा हाच लिहून घे: पंडित सगळ्यांना हवा असतो, पण तो व्हायचं दुसऱ्या कोणीतरी.

आता गुणदोष. पंडिताला सगळ्या लिप्या येतात, विषांचे उतारे माहीत, प्रत्येक राक्षसाचं मर्म ठाऊक. ऐकायला झकास. पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तो स्वतः वार करूच शकत नाही. 'सल्ला' दिला की योद्ध्याच्या फाशात पाच वाढतात, पंडिताची खेळी मात्र खर्च होते. राक्षस पडला की अनुभवाचे गुण कोणाला? ज्याचा घाव लागला त्याला. आमच्या योद्ध्याला मी अख्ख्या गुहेचं कोडं सोडवून दिलं, तो दाणदाण वरच्या पायऱ्या चढत गेला आणि मी होते तिथेच. आणि पंडिताची सगळ्यात मोठी विद्या कोणती, तर 'थांबणं'! पंडित जखमी माणसापाशी थांबला की बाकीच्यांना विनाधोका पुढे जाता येतं. ही विद्या तू नवव्या पायरीला ठेवलीस, म्हणजे इतकं शिकून-सवरून बक्षीस काय, तर बस इथेच. हे तुला सुचलं कुठून, ते मी विचारत नाही. मला माहीत आहे.

मागच्या जिन्यावर खडूनं पट आखून आपण खेळायचो, आठवतं? तलवार कायम तुझ्याकडे. 'तुला सगळं माहीत असतं ताई, तू पंडित हो' म्हणायचास आणि मी खुळी फुशारून जायचे. त्या खेळातली पहिली गुप्त लिपी मी बनवली. तुझ्या या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे ती तीच, एका काना-मात्रेचा फरक न करता. पुढे खरोखरच जुन्या लिप्यांचा अभ्यास करायला लागले, प्रबंध निम्म्यावर आला, आणि अप्पांना अर्धांगाचा झटका आला. आई तर नव्हतीच. तुझी तेव्हा नुकतीच पहिली नोकरी लागलेली. 'तू घरून पण वाचू शकतेस ना गं' असं म्हणालास तू, दारात, चपला घालता घालता. मी हो म्हटलं. तुझा मला तेव्हा राग आला नव्हता, तो नंतर आला. सावकाश आला आणि आता मुक्कामाला आहे.

अर्पणपत्रिकाही वाचली बरं का. 'माझ्या ताईला, जिनं पंडित व्हायचा कधी कंटाळा केला नाही.' कंटाळा केला नाही! अरे, विचारलंस कधी? मुद्रितं तपासून घर चालवते, अप्पांना उठवते, बसवते, त्यांचा डावा हात धरून व्यायाम करून घेते, आणि त्यांनी उजव्या हातानं रागारागानं भिंतीवर भिरकावलेले पेले गोळा करते. कंटाळा करायलाही सवड लागते.

शेवटच्या दुपारची गोष्ट सांगते, ती तुझ्या छपाईच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. योद्धा गुहेत जायबंदी होऊन पडला होता, चोर पुढे खजिन्यापाशी, आणि माझा पंडित नेहमीप्रमाणे योद्ध्याच्या उशाशी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझा पंडित टोळी सोडून चालला. सगळे हसले. मी हसले नाही, म्हणून वकिलांनी चष्मा लावला आणि 'टोळी सोडणे' हे प्रकरण काढलं. योद्धा शपथ मोडून जाऊ शकतो. चोर लूट घेऊन पळू शकतो. चेटकीण तर हवेतच विरते. पंडिताचं नावच नाही. वकिलांनी पुस्तक पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि कोर्टात उभं असल्यासारखे म्हणाले, 'तरतूद नाही, याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही हं, बाई.' मला वाटलं छापताना ओळ गळली असेल, म्हणून त्याच दिवशी तुला फोन केला. तू खोखो हसलास. 'अगं, पंडित कशाला जाईल? तो गेला तर खेळच बसेल! मला तर सुचलंच नाही.'

सुचलंच नाही. मनाई केली असतीस तर भांडता तरी आलं असतं रे. तू दुष्ट नाहीस, हीच पंचाईत आहे. दुष्ट माणूस निदान आपण कोणाला अडकवलंय हे लक्षात ठेवतो.

तर माझं मत: पंडित उत्तम बेतलेला आहे, खेळाला त्याच्यावाचून गत्यंतर नाही, आणि कोणाही शहाण्या माणसानं तो घेऊ नये. खुशाल छाप. पण हे काही मी त्यासाठी लिहायला बसले नव्हते. संग्रहालयाला मी होकार कळवलाय आणि रविवारी सकाळी निघतेय. तुला विचारलेलं नाही, कळवतेय. तू शनिवारी संध्याकाळपर्यंत इथे असायला हवंस. अप्पांना उठवायचं कसं ते दाखवीन, उरलेलं डॉक्टरीण सांगेल, आणि तुझी छपाई इथूनही होईल. घरून पण करता येतं ना रे. काल अप्पांना सांगितलं. धीर गोळा करून, त्यांच्या खुर्चीशी खाली बसून सांगितलं की मी चाललेय, पुन्हा शिकायला चाललेय. वाटलं होतं रडतील, चिडतील, नको म्हणतील. जीभ जड झालीय त्यांची, एक वाक्य जुळवायला वेळ लागतो. मी थांबले. त्यांनी विचारलं, 'म्हणजे तो येतोय?' आणि इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी झाला नाही इतका त्यांचा चेहरा उजळला. मी हो म्हटलंय. ते आत्तापासून दाढी करून दे म्हणून मागे लागलेत.

तुझीच,
ताई