रोगेलियोचा गुडघा, तुझा गुडघा

निशी-कसाई, टोकियो
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय श्रीहरीदादा,

फोनवर तू दोनदा "बरं, बरं" म्हणतोस आणि रिसीव्हर आईच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. ते तरी तुला शेवटपर्यंत धरून बसावं लागेल.

इथं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण खरं सांगू, मी दमलेय. स्वप्निलला त्याच्या ऑफिसनं पुरतं गिळलंय. सकाळी डबे, साईची शाळा, मग बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात माझी अर्धवेळ नोकरी. चार तास सरकत्या पट्ट्यापुढं उभं राहून प्रत्येक डब्यात लोणच्याचा एकेक तुकडा ठेवायचा. इथं कचरा वेगवेगळा करून द्यावा लागतो; परवा जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत चुकून बाटली गेली, तर शेजारच्या आजींनी पिशवी हसतमुखानं परत दाराशी आणून ठेवली. साईला मी मराठीत हाक मारते, ती जपानीत ओ देते. इथलं दमणं असं बारीक बारीक आहे, तक्रार करायला गेलं तर आपल्यालाच हसू येतं.

रविवारी मात्र मी आराकावा नदीकाठच्या मैदानावर जाते. एप्रिलमध्ये साईला सायकल शिकवायला गेले होते. शेजारी बायकांचा फुटबॉलचा सराव चालला होता, माझ्याच वयाच्या सगळ्या. त्यांचा चेंडू घरंगळत माझ्याकडं आला. तो घेऊन रेषेपाशी गेले आणि आत पाऊल टाकायच्या आधी वाकून माती कपाळाला लावली. लावायची असं ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला. सोळा वर्षांनी. त्यांचा प्रशिक्षक, सावळा, पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस, माझ्याकडं बघत होता. मोडक्या जपानीत त्यानं मला विचारलं की कुठल्या जागेवर खेळायचीस. खेळायचीस का, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

त्याचं नाव रोगेलियो, मेक्सिकोचा. तिकडं सहा वर्षं पहिल्या श्रेणीत डाव्या बगलेवरून खेळला. मग इथल्या एका क्लबनं आणला आणि दुसऱ्याच हंगामात गुडघा गेला. हे वाचताना तुझा हात कुठं गेला असेल ते मला ठाऊक आहे. क्लबनं नारळ दिला. तेव्हा नागोयाजवळच्या एका कारखान्यानं त्याला आपल्या कामगार मुलींचा संघ शिकवायला बोलावलं. पोटासाठी गेला, पण लाज इतकी वाटत होती, की तीन वर्षं तो आईला सांगत राहिला, मी अजून खेळतोय. म्हातारी फोटो मागायची, हा जुने पाठवायचा. त्या मुली सराव संपला की लाकडी दाताळी घेऊन मैदानाची माती सारखी करायच्या, मग ओळीत उभं राहून मैदानाला वाकून नमस्कार करायच्या. हा तोवर गाडीत बसून घड्याळ बघायचा. एका वर्षी मुली अंतिम सामना हरल्या. स्वतः खेळताना कधी रडला नव्हता, त्या दिवशी बाकावर बसून रडला, आणि उठून दाताळं हातात घेतलं. संध्याकाळी आईला सगळं खरं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं, पोरी किती गोलांनी हरल्या.

पुढं कारखान्यानं संघच बंद केला. आता तो आठवडाभर घरोघर सामान पोचवायची गाडी चालवतो आणि रविवारी आम्हाला शिकवतो. आम्ही तेरा जणी. गोलकीपर कुमुदिनी, पुण्याची, चेंडू आला की आधी चष्मा सांभाळते. सात सामने हरलो, एक बरोबरीत सुटला. त्यालाही कंटाळा येतो आणि तो लपवत नाही. पण शेवटी दाताळं घेतो आणि दुखरा पाय ओढत, उलट्या पावलांनी, सगळं मैदान सारखं करतो.

मला त्यानं डाव्या बगलेवर ठेवलंय. पहिल्याच दिवशी विचारलं, डावा पाय कुणी तयार केला. मी म्हणाले, भावानं. गांधी मैदानावर, पहाटे, आबा उठायच्या आत. तू मला उजव्या पायातला बूट काढून ठेवायला लावायचास, म्हणजे झक मारत डाव्यानं मारावं लागायचं. ते ऐकून तो खूप हसला. मग खेळणं का सोडलंस, असं त्यानं विचारलं, तेव्हा मला येत होतं तेवढंही जपानी आठवेना.

मराठीत सांगते. आबांनी "पोरीची जात, आता बास" म्हणून माझे बूट तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना देऊन टाकले, तेव्हा तू चेंडू काखेत धरून दारात उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. मला राग आला नव्हता असं मी आजवर सांगत आले. आला होता, दादा. फार आला होता.

आई सांगत होती, कन्याशाळेच्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या, मुलींचा संघ तुझ्या हाती द्यायला. आणि तू म्हणालास, हीच वेळ यायची राहिली होती माझ्यावर. म्हणून आज लिहायला बसले. गुडघा मोडल्यापासून पाच वर्षं तू स्टेडियमच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढतोयस. त्या पोरींमध्ये एखादी असेल, जिचा डावा पाय अजून कुणी तयार केलेला नाही. आणि एखादीचे आबा तिचे बूट देऊन टाकायला निघतील, तेव्हा दारात उभं राहून बोलणारं कुणीतरी लागेल. या खेपेला तू बोल. बाईंना हो म्हण, आणि पहिला सामना झाला की मला फोन कर. हरलात तरी कर. किती गोलांनी, एवढंच विचारीन.

तुझीच, अजून डाव्या पायानंच मारणारी,
विभा