आप्पांनी सांगितलेलं घराचं वय

निपाणी, मंगळवार संध्याकाळ

आमचं घर विकायला काढलंय. घेणाऱ्याच्या बँकेनं त्याची किंमत इतकी कमी का धरली, ते आज कळलं. बँकेचा माणूस घर बघायला आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. वडिलांनी, आप्पांनीच त्याला अभिमानानं सांगितलं, "चाळीस वर्षांचं घर हाय, असं बांधकाम आता मिळत न्हाय." त्यानं सगळ्या घराला चाळीस वर्षं लावली. वरचा मजला तर अगदी परवापरवाचा!

मजल्याच्या परवानगीचे कागद बँकेत दिले. गुरुवारी तो माणूस परत घर बघायला येतोय. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी खोटं बोललो व्हय?"

खोटं कुठं? चाळीस वर्षं खरीच. फक्त खालच्या मजल्याची.

जेवताना म्हणाले, "गुरुवारी मी शेजारी बसतो. तूच बोल गं. पण पायाचे दगड मी स्वतः वाहिलेत, तेवढं सांग त्याला."

सांगते म्हटलं.