आपला ओबा

सिल्व्हर पार्क, मिरा रोड
४ जानेवारी

चि. विठूस,
अ. उ. आ.

फोन सोडून ताई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर बोलले की ह्यांना पलंगावरून सगळं ऐकू येतं. गणपतीत अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही, पण कान शाबूत आहेत. डॉक्टर म्हणतात, वाचा येईल किंवा येणारही नाही. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, की पुन्हा तेच. रात्रीसुद्धा. थकले रे मी.

रविवारी संचिता सासरहून आली आणि तिने मला घराबाहेरच काढलं. बाबांजवळ मी बसते, तू जरा हवा खाऊन ये म्हणाली. कुठे जाणार? रिक्षावाल्याला आपलं जुनं काशी गाव सांगितलं. आपल्या खोल्यांच्या जागी टॉवर झालेत, पण मागचं डोंगरालगतचं रान अजून तग धरून आहे. पाचोळ्यातून चालता चालता आपलं कुसुंबाचं झाड सापडलं. आठवतं? बुंध्याशी दगड मांडून आपण त्याचं नाव ओबा ठेवलं होतं. मी पुजारीण. पळसाच्या पानावर मातीचा नैवेद्य ठेवून हाक मारायचे, आणि तू झाडामागून घोगऱ्या आवाजात ओ द्यायचास. पाड्यावरची पोरं धूम पळायची.

तर विठू, ओबा आहे अजून! शेंदूर, पत्र्याचं छप्पर, घंटा, वर ‘बोलते बाबा’ अशी पाटी. नारळ घेऊन आलेल्या एका बाईने मला हिंदीत समजावलं, की स्थान फार जागृत आहे, मनापासून हाक मारली की बाबा ओ देतात. मला आधी हसू फुटलं, मग रडू. आपणच खेळात मांडलेल्या देवाला ह्यांच्या वाचेसाठी नवस बोलले तर चालेल का रे? कळव.

माझा जीव तुझ्यात आहेच, तुझाही इकडे राहू दे.
तुझी मंदाताई


गुहागर
१२ जानेवारी

ती. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. देव एवढा नावारूपाला आला आणि त्याचा आवाज इथे सुपाऱ्या सोलत बसलाय! त्या झाडामागे मुंगळे किती चावायचे, हे पुजारीणबाईंना कधी कळलं नाही. त्या आपल्या ऐटीत मांडी घालून समोर.

नवसाचं म्हणशील तर खुशाल बोल. इतकी माणसं तिथे हात जोडतात, म्हणजे तो आता आपल्या दोघांचा राहिला नाही. फक्त भाऊजींनाही बरोबर ने. चार भिंतींत त्यांचाही जीव विटला असेल. मी यायला हवं होतं, पण सुपारीची काढणी चालू आहे. आणि विचारलं की तू म्हणतेस, सगळं ठीक आहे, धावपळ करू नकोस. मग मीही निर्धास्त राहतो.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझा विठू


सिल्व्हर पार्क, मिरा रोड
२१ जानेवारी

चि. विठूस,
अ. उ. आ.

जाऊन आलो. जावईबापूंनी गाडी काढली, व्हीलचेअर झाडापर्यंत ढकलत नेली. वाटेत ह्यांना ओबाची सगळी गंमत सांगितली. अर्ध्या तोंडाने का होईना, हसले.

मी नारळ ठेवला, हात जोडले. नवस कशासाठी, ते ह्यांना ठाऊक होतं. माझ्याकडेच बघत होते. मी हाक मारली आणि तोंडून भलतंच निघालं. देवा, मला एकदा पोटभर झोप दे. मोठ्याने बोलले, विठू. त्यांची वाचा मागितलीच नाही.

लाजेने मान वर होईना. तेवढ्यात ह्यांनी चालता हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि डोकं हळूच आपल्या मांडीवर ओढून घेतलं. पुढचं मला आठवत नाही. संचिता सांगते, मी खुर्चीच्या पायाशी बसल्या बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, चांगली घोरत होते. कुणी घंटा वाजवायला आलं की हे डोळे वटारून त्याला थांबवत होते.

सुपारी कुणावर तरी सोपव आणि ये. राहायच्या तयारीने ये. मला एकटीला झेपत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मंदाताई